चौदाव्या खांबावरचा वाघ

गावात शिरण्याआधी मी कपडे बदलते. गावाच्या अलीकडे मोहाचं एक जुनं झाड आहे, त्याच्या ढोलीत माझा एक कुर्ता कायम ठेवलेला असतो. खाकी वर्दी काढायची, फांदीला टांगायची, हातपाय राखेनं घासायचे आणि मगच कोसंबीटोल्याची वाट धरायची. एवढं करूनही कुत्री मला पाहून खाटेखाली शिरतात. शेजारच्या मडाव्यांची बैलजोडी एकदा मला बघून दावं तोडून अशी पळाली, की पार नदीपलीकडे सापडली. लग्नघरी म्हणतात, "अस्मिता येनार असन तर मांडव गोठ्यापासून लांब घाला." हसत म्हणतात, पण मांडव खरंच लांब घालतात.

दोष जनावरांचा नाही. माझ्या अंगाला वाघाचा वास येतो. तोही कुठल्याही वाघाचा नाही, नऊ नंबरचा. आणि नऊ नंबर तर कधीच मेला.

मी अंबाझिरी अभयारण्यात वनरक्षक आहे. वनरक्षक म्हटलं की लोकांना बंदूक आणि शिकारी आठवतात. माझ्या पाठीवर असते एक पेटी आणि पेटीत काचेच्या नळ्या. कुंपणाच्या खांबांवरच्या रिकाम्या नळ्या काढायच्या आणि भरलेल्या बसवायच्या, हे माझं काम.

कुंपण तारेचं नाही, वासाचं आहे. वाघ झाडावर फवारा मारून आपली हद्द आखतो, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. त्या फवाऱ्यात मूत्राबरोबर चरबीही असते. वास एकदम उडून जाऊ नये म्हणून ती त्याला सालीला धरून ठेवते आणि थोडा थोडा सोडते. वास कसला म्हणाल, तर सुवासिक तांदूळ शिजल्यासारखा. चेष्टा नाही, वाघात आणि तांदळात तो एक पदार्थ सारखाच आहे. पण चरबीचं मिश्रण ज्या त्या वाघाचं वेगळं असतं. दुसरा वाघ येतो, नाक लावतो, ओठ वर ओढून दात विचकतो, आणि त्याला सगळं कळतं. नर की मादी, केवढा, कधी येऊन गेला. वाघाला हे वाचायला जेवढं सोपं, तेवढंच माणसाला खोटं लिहायला अवघड. डॉक्टर वैखरी दामले यांनी ते लिहून दाखवलं.

नऊ नंबर या भागातला सर्वात दांडगा नर होता. माणसं मारायला लागला तेव्हा त्याला पकडून पिंजऱ्यात ठेवला. दामले मॅडमनी पिंजऱ्यात त्याच्या वासाचा कण न् कण मोजला आणि तो मेल्यावर त्याचा वास प्रयोगशाळेत तयार केला. अभयारण्याच्या कडेनं लोखंडी खांब उभे राहिले. प्रत्येक खांबावर मागच्या बाजूनं नळी बसवायची पेटी, पुढे झाडाच्या खोडावर रोखलेली चोच, आणि चोचीखाली तळहाताएवढी एक पट्टी. या पट्टीला आम्ही 'नाक' म्हणतो. खोडावरची खूण फिकट झाली की नाकाला कळतं आणि चोच फवारा मारते. खूण ताजी असेल तर खांब गप्प बसतो.

माणूस गेला की आपल्याला आठवण उरते. वाघाच्या नाकाला आठवणीचा उपयोग नाही. ताजा वास आला म्हणजे तो वाघ इथंच आहे, आत्ता आहे. त्यामुळे आतले सगळे वाघ नऊ नंबरला भिऊन आत राहिले आणि खांब उभे राहिल्यापासून आमच्या भागात वाघानं माणूस मारला नाही. कुंपणाला नावं ठेवणाऱ्यांना मी हे आधी सांगते.

मग हे सांगते, की नऊ नंबरनं मारलेल्या माणसांत माझा नवरा देवानंद होता. पहाटे मोहफुलं वेचायला गेला होता. अनुकंपेवर मला नोकरी मिळाली, आणि नोकरी मिळाली ती अशी. ज्यानं माझं कुंकू पुसलं त्याला जिवंत ठेवायचं. घरी सुवासिक चिन्नोरचा भात शिजला की मी अजून उठून अंगणात जाते.

चौदाव्या क्रमांकाचा खांब देवानंद गेला त्या जागीच आहे. आमच्याकडे वाघानं माणूस मारला की त्या जागी येणारा-जाणारा एक दगड टाकतो. तिथं आता कमरेएवढा ढीग झालाय. सगळ्या गावानं टाकले. मी नाही टाकला. वर्दीवर असते, घाईत असते, असं सांगते. खरं म्हणजे दगड टाकला की तो गेला हे आपल्या हातानं कबूल केल्यासारखं होतं. म्हणून मी शिडी लावते, मागच्या मागे नळी बदलते आणि पुढे न बघता निघते.

यंदा पाऊस लांबला. झडीत खोडांवरचा वास दबून गेला, नवा फवाराही टिकेना, आणि त्या दिवसांत एक वाघीण कुंपण ओलांडून बाहेर आली. चौदाव्या खांबापाशी कुंपणाची रेघ आत वळवलेली आहे, गावाला मोहफुलं वेचता यावीत म्हणून. त्या वळणाबाहेर झुडपं आणि एक नाला. नाल्यात ती व्याली. तीन पिल्लं. मग उघडीप झाली, वास पुन्हा उठला, आणि तिची परतीची वाट बंद झाली. परका नर पिल्लं मारतो. पिल्लं मेली की आई पुन्हा माजावर येते, म्हणून मारतो. वाघिणीला हे शिकवावं लागत नाही. जे कुंपण तिला आत ठेवायला उभं केलं, ते आता तिला बाहेर कोंडून बसलं होतं.

पिल्लं चालती झाली तशी ती धानशेतातल्या बांध्यांकडे सरकली. शेळ्या गेल्या, मडाव्यांचं वासरू गेलं. धान कापणीला आलेलं आणि बाया घरात. शेवटी वरून निर्णय झाला. उद्या उजाडताच पथक येणार, वाघिणीला भुलीची सुई मारणार आणि चौघांना पिंजऱ्यात नेणार, कायमचं. गावानं सुटकेचा श्वास टाकला, आणि गावाचं काही चुकलं नाही.

पण मला बसवेना. मी नऊ नंबरला पिंजऱ्यात पाहिलं होतं. गजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, वळायचा, पुन्हा चालायचा. त्याला बघून मला राग यायला हवा होता. तो आला नाही, याचाच राग येऊन मी परतले होते. आता तीन पिल्लं तेवढंच चालायला शिकणार होती. सकाळपासून मी चार वेळा चहा ठेवला आणि चार वेळा तसाच निवू दिला.

त्यात चौदाव्या खांबाची कटकट. महिनाभर पुरणारी नळी आठवड्यात रिकामी होत होती. ऑफिसात म्हणाले, गळत असेल, बघून या. मी गेले. मागून पेटी तपासली, कुठं ओल नाही. म्हणजे पुढून बघणं आलं. दगडांच्या ढिगाला वळसा घालून मी पुढे गेले आणि बघतच राहिले.

नाकाला शेंदूर फासलेला होता. एकदा नाही, थरावर थर, बोटभर जाड. खाली फुलं, विझलेली उदबत्ती, फोडलेला नारळ.

सगळं तिथल्या तिथं उलगडलं. शेंदरानं नाक बंद झालेलं. खोडावर वास आहे की नाही हे खांबाला कळेना, म्हणून तो फवारत सुटला होता. सर्दी झालेल्या बाईनं वास येत नाही म्हणून फोडणीत हिंग टाकत राहावा, तसा. साध्या फवाऱ्यातून वाघीण कधीतरी वारा बघून, पिल्लं घेऊन निसटली असती. इथं तर तिच्या वाटेवर नऊ नंबर रात्रंदिवस गुरगुरत उभा होता.

मी शेंदूर नखानं खरवडला आणि माझ्या नाकाशी नेला. जवसाचं तेल. सगळं गाव शेंदूर गोडेतेलात कालवतं. जवसाच्या तेलात कालवणारी एकच बाई मला माहीत आहे, आणि मी तिच्या घरात राहते.

फुलवंताबाई माझी सासू, म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. म्हणून मी तिला आत्याच म्हणते. ती अंगणात सूप घेऊन बसली होती. मी कपडे न बदलताच आले होते. कोंबड्या ओरडत परसात पळाल्या.

"वर्दी घालून घरात आली?" आत्या म्हणाली.

"चौदा नंबरले शेंदूर कोनं लावला, आत्या?"

तिचं सूप थांबलं नाही. "मीनं लावला."

"सरकारी मशीन हाय ते. केस होते. जेलात टाकतीन तुले."

"टाकू दे."

"पन काहून? ज्यानं तुहा पोरगा खाल्ला त्याचीच पूजा?"

तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. "तुले मायीत नाही काय? वाघानं खाल्लेला मानूस वाघाच्या डोक्यावर बसून रायते. वाघ जाईन तिकडं त्याले जा लागते. वाघ मरे परेंत सुटका नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "नऊ नंबर मेला म्हनून सांगत आली तू, तवा मी रडली काय? हासली. म्हनलं, उतरला माहा देवानंद खाली. अन् मंग तुमी त्याले पुन्हा उभा केला. मी गेली पाह्यले, तर वास येते. ताजा. पोरगं पुन्हा चढलं त्याच्या डोक्यावर, अन् त्याची बायकोच त्या वाघाले रोज खाऊ घालते."

मी पाठीवरची पेटी उतरवून खाली ठेवली.

"तुले बोलून काय फायदा? तुही नोकरी," आत्या म्हणाली. "म्हनून देव केला त्याले. देव झाला म्हंजे एका जागी बसन. पोराले सोडन."

हे सगळं खोटं आहे असं मी म्हणू शकले असते. शिकलेली आहे, वासाचं सगळं शास्त्र तोंडपाठ आहे. पण वाघीण खोट्या वासाला खरं मानून पिल्लं घेऊन शेतात बसली होती, तिला कुठल्या तोंडानं खोटी म्हणू? आत्याही तोच वास घेऊन आली होती.

मी दामले मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. शेंदूर कोणी लावला हेही.

"तुमच्या सासूबाईंनी?" त्या म्हणाल्या. "का?"

तेही सांगितलं.

"नऊ नंबर माझ्यासमोर मेला," त्या म्हणाल्या. "पहिला खांब फवारायला लागला तेव्हा मला वाटलं, चला, हा वाया नाही गेला. मलाही तो हवाच होता, अस्मिता."

"मॅडम, तेरा, चौदा, पंधरा बंद करा. आज. ती रात्रीत आत जाईल."

"बंद करून भागणार नाही. चरबी सालीत मुरली आहे, वास आठवडे राहील. धुवावं लागेल. क्षाराच्या पाण्यानं, चुलीची राखसुद्धा चालेल. पण कुंपण उघडं ठेवलं आणि आतून दुसरा वाघ आला, किंवा हीच गावात शिरली तर? मी लेखी परवानगी देऊ शकत नाही."

"तोंडी?"

"खांब स्वच्छ ठेवणं तुमच्या कामातच येतं ना?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. थोड्या वेळानं मोबाइलवर तिन्ही खांबांपुढे 'देखभालीसाठी बंद' असं आलं.

मी चुलीतली राख बादलीत भरत होते. आज रात्री कोणाला काही झालं, तर ते नऊ नंबरनं केलेलं नसेल, मी केलेलं असेल. देवानंदच्या जागी दुसऱ्या कोणाचा ढीग उभा राहील आणि त्याला कारण मी असेन.

"काय करते?" आत्यानं विचारलं.

"धुऊन टाकतो त्याले. वाघालेही अन् तुह्या देवालेही. पन मंग गावाले कुंपन रायनार नाही आजच्या दिस."

तिनं बादलीतल्या राखेकडे पाहिलं. "धुतला तर जाईन?"

"जाईन."

आत्या उठली. घराघरांत फिरून आली. दारं लावा, पोरं आत घ्या, उजाडेपर्यंत कोणी बाहेर निघू नका. काही जण कुरकुरले, उद्या पथक येतच आहे तर हा उपद्व्याप कशाला म्हणाले. मडाव्यांची म्हातारी तर भांडायलाच उठली, तिचं वासरू गेलं होतं. आत्या तिला म्हणाली, "तुह्या वासराचं दुख मले समजते, माहा पोरगा गेला." मग म्हातारीनं आपल्या चुलीतली राखही आणून दिली.

दुपारी आम्ही दोघी निघालो. डोक्यावर पाण्याची घागर, हातात बादल्या, आणि आत्याच्या हातात पितळी थाळी. ती थाळी बडवत चालली होती. कुंपण येण्याआधी आमच्या बाया अशाच जंगलात जायच्या, घोळक्यानं, आवाज करत. ती सवय मोडल्याचं मला त्या दिवशी कळलं, कारण मी ओरडायला तोंड उघडलं आणि काय ओरडायचं तेच आठवेना.

तेरा धुतला, पंधरा धुतला. चौदापाशी पोचलो आणि नाल्यातून गुरगुर आली. खालच्या पट्टीतली, पोटात जाणवणारी. माझ्या हातातली बादली कलंडली. आत्यानं थाळी थांबवली आणि झुडपांकडे तोंड करून शेजारणीला सांगावं तसं सांगितलं, "धुवाले आलो, बाई. धुतो अन् जातो. तुह्या लेकरायले काही नाही करत."

गुरगुर थांबली नाही, वाढलीही नाही. आम्ही खोड घासलं. नखं सालीत मोडेपर्यंत घासलं. शिजल्या तांदळाचा तो वास राखेच्या पाण्याबरोबर ओघळून मातीत गेला. खांबाचं नाक मात्र मी आत्यासाठी ठेवलं होतं. तिनं शेंदूर आपल्या हातानं उतरवला, थर थर करून, आजारी पोराचे डोळे पुसावेत तसा. शेवटी पट्टी लख्ख झाली तेव्हा ती म्हणाली, "जाय आता." वाघाला म्हणाली की देवानंदला, मी विचारलं नाही.

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. दर आवाजाला उठून बसत होते.

फटफटायच्या आधी पथक आलं. दामले मॅडम त्यांच्याबरोबर होत्या. मी सगळ्यांना चौदाव्या खांबाजवळच्या मचाणावर नेलं, आत्याही चढली, तिला कोणी अडवलं नाही. उजेड पडल्याशिवाय सुई मारायची नाही असा नियम आहे, म्हणून बंदुकीवाला थांबला. त्याला चहा हवा होता. मी थर्मासचं झाकण उघडायला इतका वेळ लावला, की शेवटी त्यानंच माझ्या हातातून घेतला.

उजाडलं तेव्हा वाघीण धानात नव्हती. नाल्याच्या काठावर होती. मागे तीन पिल्लं, एक दुसऱ्याच्या शेपटीला चावणारं. ती चौदाव्या खांबाकडे चार पावलं यायची आणि थबकायची. बंदुकीवाल्यानं बंदूक उचलली. मॅडमनी बंदुकीच्या नळीवर हात ठेवला आणि नुसतं, "थांबा," म्हटलं.

वाघीण खोडापाशी आली. नाक लावलं. वरपासून खालपर्यंत हुंगलं, मागे झाली, पुन्हा हुंगलं. ओठ वर ओढून दात विचकले. मग तिनं पाठ फिरवली, शेपूट वर केली आणि त्या खोडावर, त्या खांबावर, त्या लख्ख नाकावर आपला फवारा मारला. घरात नवीन राहायला आलेली बाई दाराशी सडा घालते, तसा. मग मागे वळून न बघता ती आत गेली. पिल्लं तिच्यामागे गेली. शेवटचं दगडांच्या ढिगावर चढलं, घसरलं, आणि पळत सुटलं.

बंदुकीवाल्यानं बंदूक खाली ठेवली. "झालं, मग आता आम्ही काय करायचं?" तो म्हणाला.

मॅडमच्या हातातला टॅब वाजला. त्यांनी खांब तपासायला चालू केला होता. चौदा नंबर हिरवा झाला होता. त्यांनी वाचलं आणि तो माझ्यापुढे धरला.

'खूण ताजी. फवाऱ्याची गरज नाही. मालक : अनोळखी. नऊ क्रमांकाची खूण पुन्हा लावायची का?'

खाली दोन चौकोन होते, हो आणि नाही. मॅडमचं बोट हवेतच थांबलं. मग त्यांनी टॅब माझ्याकडेच ठेवला आणि डोळे पुसत दुसरीकडे बघू लागल्या. गाव माझ्या डोळ्यांपुढे आलं, कापणीला जाणाऱ्या बाया आल्या. वाघीण आपल्या हद्दीत आहे तोवर परका वाघ सहजासहजी यायचा नाही, पण तिची हमी कोण देणार? यापुढे घोळक्यानं जावं लागेल, आवाज द्यावा लागेल, थाळी बडवावी लागेल. मी 'नाही' दाबलं.

"काय म्हनते ते?" आत्यानं विचारलं.

"म्हनते, नऊ नंबर इथं नाही रायत. दुसरं कोनी आलं रायले."

आत्यानं खांबाकडे पाहिलं. "मंग उतरला म्हना माहा पोरगा," ती म्हणाली आणि मचाणावरून उतरायला लागली. पथकाची गाडी मागे वळत होती. आत्या ढिगापाशी गेली, एक दगड ठेवला आणि माझी वाट बघत उभी राहिली.

मी खाली आले. आजूबाजूला धुण्याचं पाणी अजून सुकलं नव्हतं, राखेचे ओघळ दिसत होते. एक दगड उचलला. मला वाटलं होतं जड असेल. तो मुठीत मावणारा, साधा दगड होता. मी तो देवानंदच्या ढिगावर ठेवला आणि वर्दीतच, कपडे न बदलता, आत्याबरोबर घराकडे निघाले.